मोबाईलमध्ये चंद्र पांढरा ठिपका दिसतो, पण १८६३ साली एका डॉक्टरनं घरच्या दुर्बिणीतून चंद्राचा ५० इंची फोटो बनवला होता

कोजागिरीची रात्र. गच्चीवर दूध आटतंय, डोक्यावर पूर्ण चंद्र आलाय. कोणीतरी खिशातून मोबाईल काढतं, झूम करतं, हात स्थिर धरतं आणि फोटो काढतं. स्टेटसला टाकायला म्हणून बघावं तर काळ्या पाटीवर खडूचा एक पांढरा ठिपका. ना चंद्रावरचे डाग, ना ससा, ना हरीण. शेवटी लोक चंद्राचा नाद सोडतात आणि दुधाचा फोटो टाकतात.

यात मोबाईलचा फारसा दोष नसतो. चंद्र डोळ्याला मोठा वाटतो, पण आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. त्यात आजूबाजूला सगळा अंधार असल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की रात्र आहे, जास्त प्रकाश घ्यायला पाहिजे. पण चंद्र म्हणजे भर उन्हात तापलेला दगड. त्याच्यावर थेट सूर्याचा प्रकाश पडत असतो. रात्रीच्या हिशेबानं दिवसाचा फोटो काढला की जे व्हायचं तेच होतं.

आता विचार करा, मोबाईल नाही, डिजिटल कॅमेरा नाही, फिल्मचा रोलसुद्धा नाही, घरात वीज नाही. दुर्बीण पाहिजे तर तिचा आरसा स्वतः घासायचा. फोटोची काच पाहिजे तर तिच्यावर रसायन स्वतः ओतायचं. अशा काळात एका पंचविशीतल्या डॉक्टरनं वडिलांच्या जागेत वेधशाळा बांधली आणि चंद्राच्या एकदोन नाही, सुमारे १५०० निगेटिव्ह काढल्या.

त्याचं नाव हेन्री ड्रेपर.

आणि गंमत म्हणजे चंद्राच्या फोटोचं हे वेड त्याला घरातूनच मिळालं होतं.

हेन्रीचे वडील जॉन विल्यम ड्रेपर मूळचे इंग्लंडचे. वडील वारल्यानंतर १८३२ मध्ये हे सगळं कुटुंब अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आलं. जॉन यांना डॉक्टरकीचं शिक्षण घ्यायचं होतं, पण पैसे नव्हते. तेव्हा त्यांची बहीण डोरोथी कॅथरीन यांनी मुलींना शिकवून पैसे जमवले आणि भावाला शिकवलं. पुढं जॉन न्यूयॉर्कच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८३९ मध्ये फ्रान्सच्या दागेरनं फोटो काढायची पद्धत जगासमोर आणली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडिनची वाफ, मग प्रकाश आणि शेवटी पाऱ्याची वाफ असा तो सगळा खटाटोप होता. बातमी अमेरिकेत पोचल्यावर काही महिन्यांतच जॉन ड्रेपर या कामात उतरले. १८४० मध्ये त्यांनी बहीण डोरोथी यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. एक मिनिटाहून जास्त वेळ त्या जराही न हलता बसल्या. माणसाच्या चेहऱ्याच्या जगातल्या सगळ्यात जुन्या फोटोंमध्ये या फोटोचं नाव आजही घेतलं जातं. ज्या बहिणीनं शिकवलं तिचाच चेहरा भावानं इतिहासात नोंदवून ठेवला.

त्याच वर्षी त्यांनी कॅमेरा आकाशाकडं वळवला.

चंद्राचा प्रकाश आरशानं भिंगाकडं वळवायचा आणि चंद्र सरकेल तसा आरसाही सरकवायचा अशी ती सोय होती. पत्रा तब्बल २० मिनिटं प्रकाशात ठेवावा लागला. २३ मार्च १८४० रोजी न्यूयॉर्कमधल्या निसर्ग अभ्यासकांच्या मंडळापुढं त्यांनी हा फोटो मांडला. चंद्राचा पहिला व्यवस्थित फोटो म्हणून तो ओळखला जातो. चित्र होतं साधारण एक इंचाचं. चंद्रावरचे काळे पट्टे ओळखू येतील, एवढीच त्याची धाव होती.

तेव्हा हेन्री तीन वर्षांचा होता. ७ मार्च १८३७ ही त्याची जन्मतारीख.

ड्रेपरांच्या घरात गप्पांचा विषयच विज्ञान असायचा. शरीरशास्त्राच्या पुस्तकासाठी वडिलांना सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो हवे होते, तर त्या कामाला त्यांनी तेरा वर्षांच्या हेन्रीला लावलं. त्यामुळं कॅमेरा आणि रसायनं यांच्याशी त्याची ओळख शाळकरी वयातच झाली. पुढं वडील शिकवायचे त्याच विद्यापीठात तो डॉक्टरकी शिकला. विसाव्या वर्षी सगळं शिक्षण पूर्ण झालं, पण पदवीसाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागायची. आता वर्षभर करायचं काय?

हेन्री भावासोबत युरोपच्या दौऱ्यावर निघाला.

१८५७ सालच्या या दौऱ्यात तो आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांच्या वाड्यावर पोचला. तिथं जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण उभी होती. तिच्या आरशाचाच व्यास सहा फूट. दोन दगडी भिंतींच्या मध्ये टांगलेली ती अवाढव्य नळी बघून हेन्री येडा झाला. त्या दुर्बिणीतून बघणारे लोक जे दिसेल ते हातानं कागदावर काढायचे. एकाचं चित्र दुसऱ्याशी जुळायचं नाही. हेन्रीच्या डोक्यात मात्र घरातली दुसरी गोष्ट होती. डोळ्याच्या जागी फोटोची काच लावली तर?

परत आल्यावर त्यानं पदवी घेतली, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये दीडेक वर्ष काम केलं आणि मोकळा वेळ मिळाला की आरसा बनवायला बसू लागला.

पहिला आरसा त्यानं रॉस यांच्यासारखाच धातूचा केला. तांबं आणि कथील यांचा हा मिश्रधातू जड असतो, ठिसूळ असतो आणि हवेनं काळवंडतो. काळवंडला की पुन्हा घासायचा आणि घासताना आकार बिघडला की मेहनत पाण्यात. हेन्रीची मेहनत तर अक्षरशः पाण्यात गेली. आरसा ज्या पेटीत ठेवला होता तिच्यात पाण्याचे काही थेंब शिरले. हिवाळ्यात त्यांचा बर्फ झाला. बर्फ झाला की पाणी फुगतं. त्या ताणानं आरशाचे दोन तुकडे झाले.

इथं दुसरा एखादा माणूस थांबला असता.

पण १८६० मध्ये वडील इंग्लंडला गेले होते. तिथं त्यांची भेट झाली सर जॉन हर्शेल यांच्याशी. हर्शेल म्हणजे त्या काळातलं खगोलशास्त्रातलं मोठं नाव. मुलगा धातूचा आरसा बनवतोय हे ऐकल्यावर हर्शेल यांनी सल्ला दिला की धातू सोडा, काच घ्या आणि तिच्यावर चांदी चढवा. वडिलांनी तो निरोप घरी आणला आणि हेन्रीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

काचेच्या आरशाचे फायदे बरेच होते. वजनाला तो धातूच्या मानानं खूप हलका. चांदीचा थर अंगावर पडलेला बहुतेक सगळा प्रकाश परत फेकतो, तर धातूच्या आरशात त्यातला मोठा हिस्सा वाया जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चांदी काळी पडली तर रसायनानं धुऊन काढायची आणि नवी चढवायची. खालच्या काचेचा आकार जसाच्या तसा राहतो.

पण तो आकार आधी आणायचा कसा?

दुर्बिणीचा आरसा ताटलीसारखा नुसता खोलगट असून चालत नाही. सगळ्या भागावरून परत आलेले किरण एकाच बिंदूत जमावे लागतात. त्यासाठी काचेची खोली केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक हिशेबानं सांभाळावी लागते. हेन्रीनं त्यासाठी घासायची वेगवेगळी यंत्रं बनवली. एक बिघडलं की दुसरं. पायानं चालवायचं यंत्र होतं, त्यावर तो तासन् तास चालायचा. नुसता हाताचा तळवा काचेवर ठेवला तरी तिथली काच गरम होऊन किंचित फुगते आणि आरशाचा आकार बदलतो, हेसुद्धा त्याला प्रयोग करतानाच कळलं. या काळात लहानमोठे मिळून शंभराहून जास्त आरसे त्यानं घासले. शेवटी साडेपंधरा इंच व्यासाचा आरसा मनासारखा जमला.

दुर्बीण उभी राहिली न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या गावात. हडसन नदीच्या काठावरच्या टेकडीवर वडिलांची जागा होती. तिथंच हेन्रीनं छोटी वेधशाळा बांधली. बाजूलाच फोटो धुवायची अंधारी खोली. मधे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. १८६२ मध्ये हेन्री काही महिने न्यूयॉर्कच्या एका पलटणीसोबत डॉक्टर म्हणून जाऊन आला. आल्यावर पुन्हा दुर्बिणीपाशी.

आता खरा प्रश्न होता चंद्र पकडायचा.

पहिली अडचण म्हणजे चंद्र थांबत नाही. पृथ्वी फिरते म्हणून सगळं आकाश सरकताना दिसतं. दुर्बीण एका जागी ठेवली तर साधारण दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा पुढं जातो. बरं, तारे ज्या वेगानं सरकतात त्या वेगानं दुर्बीण फिरवावी, तर तेही चालत नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळं ताऱ्यांच्या तुलनेत तो तासाला स्वतःच्या रुंदीएवढा मागं पडतो. म्हणजे चंद्राचा वेग वेगळाच धरावा लागतो.

हेन्रीनं यावर साधा उपाय काढला. एवढी मोठी दुर्बीण हलवत बसण्यापेक्षा फोटोची काचच हलवायची. दुर्बिणीच्या टोकाला त्यानं एक सरकती चौकट बसवली. चंद्राचं चित्र ज्या दिशेनं आणि ज्या वेगानं सरकतं, त्याच दिशेनं काच सरकली पाहिजे. ती एकसारख्या वेगानं ओढायला आधी वाळूच्या घड्याळाचं तत्त्व वापरलं आणि मग पाण्याच्या घड्याळाचं. आपल्याकडच्या जुन्या घटिकापात्रात पाण्यावरून वेळ मोजायचे, तसा पाण्याचाच आधार. बारीक छिद्रातून पाणी ठरावीक गतीनं गळतं, त्यासोबत वजन खाली येतं आणि वजनासोबत काच सरकते. दातेरी चाकांच्या घड्याळासारखे धक्के बसत नाहीत.

दुसरी अडचण फोटोच्या काचेची.

वडिलांच्या वेळचा तांब्याचा पत्रा आता मागं पडला होता. नवी पद्धत होती ओल्या कोलोडियनची. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, काच तिरकी करत तो सगळीकडं सारखा पसरवायचा, मग अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची. ही काच ओली असेपर्यंतच काम करते. काही मिनिटांत फोटो काढून लगेच धुतला नाही तर काच वाळते आणि सगळं फुकट जातं. म्हणजे अंधाऱ्या खोलीतून काच घेऊन पळायचं, दुर्बिणीला लावायची, फोटो घ्यायचा आणि पळत परत यायचं. पण या पद्धतीमुळं वडिलांना जिथं २० मिनिटं लागली होती, तिथं काम आता सेकंदांवर आलं.

तिसरी अडचण कोणाच्याच हातात नव्हती, ती म्हणजे हवा. उन्हात तापलेल्या रस्त्यावर पलीकडचं दृश्य थरथरताना दिसतं, तसंच आकाशातल्या गरम-थंड थरांमुळं चंद्राचं चित्र सतत हलत असतं. हवा शांत असेल तो क्षण नेमका मिळाला तर फोटो धारदार, नाहीतर पुसट. म्हणून तर १५०० निगेटिव्ह. त्यातल्या मोजक्याच त्याला पसंत पडल्या.

आजही घराच्या गच्चीवरून चंद्राचे फोटो काढणारे हौशी लोक हेच करतात. ते दुर्बिणीला कॅमेरा लावून व्हिडिओ घेतात, त्यातल्या हजारो चित्रांमधून हवा शांत असतानाची चित्रं कॉम्प्युटर निवडतो आणि एकावर एक रचतो. हेन्रीकडं कॉम्प्युटर नव्हता. तो एकेक काच दिव्यासमोर धरून निवडायचा.

आणि पौर्णिमेचं काय?

लोकांना वाटतं चंद्राचा सगळ्यात भारी फोटो पौर्णिमेला येत असेल. प्रकाशाच्या बाबतीत ते खरं आहे. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नाही, तर दहापट प्रकाशमान असतो. कारण त्या रात्री सूर्य साधारण आपल्या पाठीमागून चंद्रावर प्रकाश टाकतो आणि तिथल्या दगडधोंड्यांच्या सावल्या त्यांच्याच मागं लपतात. पण अडचणही तिथंच होते. सावल्या नाहीत म्हणजे डोंगर-खड्ड्यांचा उठाव नाही. तोंडासमोर फ्लॅश मारला की चेहरा सपाट दिसतो, तसा पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो. पौर्णिमेला उठून दिसतात ते काळे पट्टे आणि टायको, कोपर्निकस या विवरांतून निघालेल्या पांढऱ्या रेघा. डोंगर बघायचे असतील तर अष्टमीच्या आसपासचा चंद्र बरा. तिथं उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सावल्या लांबलचक पडतात. म्हणून हेन्री चंद्राच्या वेगवेगळ्या कलांचे फोटो घेत राहिला.

१८६३ मध्ये त्याला मनासारखं चित्र मिळालं. निगेटिव्हवर चंद्र होता साधारण सव्वा इंचाचा. तो इतका धारदार होता की हेन्रीनं त्याचा ५० इंचांपर्यंत मोठा फोटो बनवला. म्हणजे चार फुटांहून जास्त रुंदीचा चंद्र. डोळ्याला कधी न दिसलेली विवरं भिंतीवर टांगता येऊ लागली. तेवीस वर्षांपूर्वी वडिलांनी एका इंचाचा चंद्र दाखवला होता, मुलानं तो माणसाच्या उंचीच्या जवळ नेऊन ठेवला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यानं १८६४ मध्ये केली. आरसा कसा घासायचा, तपासायचा कसा, चांदी कशी चढवायची, चंद्राचा फोटो कसा घ्यायचा, काय चुकलं आणि का चुकलं, हे सगळं लिहून काढलं. स्मिथसोनियन संस्थेनं ते छापलं. स्वतःची दुर्बीण स्वतः बनवू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक पुढं बरीच वर्षं गुरू ठरलं.

चंद्राच्या फोटोतलं पहिलं स्थान मात्र त्याच्याकडं फार काळ राहिलं नाही. न्यूयॉर्क शहरातच लुईस रदरफर्ड नावाचे गृहस्थ होते. पेशानं वकील, नाद आकाशाचा. त्यांची वेधशाळा तर शब्दशः घराच्या बागेत होती. त्यांनी खास फोटोसाठीच भिंग बनवून घेतलं आणि १८६५ पासून चंद्राचे असे फोटो काढले की सगळे मागं पडले. पण तोपर्यंत हेन्रीच्या डोक्यात पुढचा विषय सुरू झाला होता. चंद्र झाला, आता तारे.

या टप्प्यावर गोष्टीत येते अ‍ॅना.

१८६७ मध्ये हेन्रीचं लग्न अ‍ॅना पामर हिच्याशी झालं. ती एका श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी. न्यूयॉर्कच्या बड्या घरातली ही मुलगी नवऱ्यासोबत रात्री-अपरात्री वेधशाळेत जाऊ लागली. ओल्या कोलोडियनच्या काचा ती स्वतः तयार करायची. नवीन २८ इंची आरशाच्या कामातही ती सोबत होती. हेन्री दुर्बिणीपाशी असला की अ‍ॅना तिथं असणार, हे ठरलेलंच.

१८७२ मध्ये या दोघांनी अभिजित ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला आणि त्याच्या पट्ट्याचा फोटो घेतला. इंद्रधनुष्यासारख्या या पट्ट्यात काळ्या रेघा असतात. कुठली रेघ कुठं आहे, यावरून ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. ताऱ्याच्या अशा रेघा फोटोत पकडणारा हेन्री पहिला. एखाद्याच्या बोटांचे ठसे घ्यावेत तसे ताऱ्यांचे ठसे घ्यायची सोय झाली होती.

१८७४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता. अमेरिकन सरकारनं त्यासाठी जगभर पथकं पाठवली. त्यांच्या फोटोग्राफीची सगळी तयारी हेन्रीकडं सोपवली आणि कामाबद्दल अमेरिकन संसदेनं त्याच्यासाठी सुवर्णपदक घडवलं. चार वर्षांनी, जुलै १८७८ मध्ये, खग्रास सूर्यग्रहण बघायला हेन्रीचं पथक वायोमिंगमधल्या रॉलिन्स गावी गेलं. पथकात थॉमस एडिसनही होता. अ‍ॅनाकडं काम होतं सेकंद मोजायचं. ग्रहण बघून तिचा आकडा चुकू नये म्हणून तिला तंबूत बसवलं. बाहेर पावणेतीन मिनिटं सूर्य झाकलेला, सगळे तोंड वर करून बघतायत आणि आत अ‍ॅना आकडे मोजतेय. एवढ्या लांब येऊन तिनं ग्रहण बघितलंच नाही.

हेन्रीच्या वाट्याला सगळं यशच आलं असंही नाही. सूर्यात ऑक्सिजनच्या चमकदार रेघा सापडल्या, असं त्यानं १८७७ मध्ये जाहीर केलं. मोठी बातमी झाली. दोन वर्षांनी तो लंडनला जाऊन तिथल्या शास्त्रज्ञांपुढं फोटो मांडून आला, पण त्यांना ते पटलं नाही. पुढं हेन्रीचा तो निष्कर्ष चुकीचाच ठरला.

पण त्याच लंडनवारीत त्याला कोरड्या काचांचा पत्ता लागला. या काचा वाळायची भीती नव्हती, म्हणजे फोटो कितीही वेळ घेता येणार होता. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्रीनं मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली आणि ५१ मिनिटं धरून ठेवली. तेजोमेघाचा हा जगातला पहिला फोटो. मार्च १८८२ पर्यंत तो १३७ मिनिटांवर पोचला होता आणि डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे काचेवर उमटू लागले होते.

हे सगळं तो उरलेल्या वेळात करत होता, हे विसरून चालणार नाही.

दिवसा तो विद्यापीठात शिकवायचा. त्यात सासरे वारल्यावर त्यांच्या मोठ्या मालमत्तेचा कारभार त्याच्यावर आला. कोर्टकचेऱ्या, हिशेब, भाडेकरू. जानेवारी १८८२ मध्ये वडील जॉन ड्रेपर गेले. त्यानंतर हेन्रीनं ठरवलं की आता बास. विद्यापीठाची नोकरी सोडायची आणि पूर्णवेळ आकाशालाच द्यायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यानंतर तो मित्रांसोबत रॉकी पर्वतात शिकारीला गेला. उंचावर बर्फाच्या वादळात सापडला आणि रात्र उघड्यावर काढावी लागली. थंडी छातीत बसली. परत आला तेव्हा अंगात कसर होती. पण नोव्हेंबरमध्ये देशभरचे शास्त्रज्ञ न्यूयॉर्कला जमणार होते आणि हेन्री-अ‍ॅनानं चाळीसेक जणांना घरी जेवायला बोलावलं होतं. एडिसनच्या नव्या विजेच्या दिव्यांनी घर उजळलं होतं. त्या पंगतीत हेन्रीला नीट जेवताही आलं नाही. पाच दिवसांनी, २० नोव्हेंबर १८८२ रोजी तो गेला. वय होतं ४५.

ज्या कामासाठी नोकरी सोडली ते काम सुरूच झालं नाही.

अ‍ॅनापुढं आता दोन वाटा होत्या. दुर्बिणींना कुलूप लावायचं किंवा काम पुढं न्यायचं. या जोडप्याला मूल नव्हतं. सुरुवातीला तिनं ठरवलं की मदतनीस ठेवून आपणच काम करायचं. ते जमेना. तेव्हा हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी ताऱ्यांच्या पट्ट्यांचं काम आपल्याकडं करायची तयारी दाखवली. १८८६ मध्ये अ‍ॅनानं हेन्रीच्या नावानं निधी सुरू केला, दुर्बीणही दिली आणि अट एकच, हे काम हेन्रीच्या नावानं झालं पाहिजे.

त्या पैशातून हार्वर्डमध्ये उभी राहिली बायकांची फौज.

रात्री दुर्बिणीतून फोटो निघायचे आणि दिवसा या बायका भिंग घेऊन काचांवरचे पट्टे तपासायच्या. मजुरी ताशी साधारण २५ सेंट. विल्यमिना फ्लेमिंग तर आधी पिकरिंग यांच्या घरी कामाला होत्या. त्यांच्या कामावर उभी राहिलेली दहा हजारांहून जास्त ताऱ्यांची यादी १८९० मध्ये छापली गेली. हेन्रीची भाची अँटोनिया मॉरीसुद्धा याच फौजेत होती. मग आल्या अ‍ॅनी जंप कॅनन. त्यांना ऐकू फार कमी यायचं. त्यांनी ताऱ्यांचे तापमानानुसार सात गट लावले, जे आजही कॉलेजात शिकवतात. १९१८ ते १९२४ या काळात नऊ खंडांत हेन्री ड्रेपर कॅटलॉग बाहेर आला. त्यात २,२५,३०० तारे होते.

अ‍ॅना हे बघायला नव्हती. १९१४ मध्ये ती गेली, पण जातानाही या कामासाठी पैसे ठेवून गेली.

एखाद्या ताऱ्याच्या नावात इंग्रजीतले एच आणि डी ही अक्षरं आणि पुढं आकडा दिसला तर समजून जायचं, ते एच म्हणजे हेन्री आणि डी म्हणजे ड्रेपर. ही यादी आपल्याही घरापर्यंत आलीय. एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं विभा हे नाव दिलं. भारतीय शास्त्रज्ञ विभा चौधुरी यांच्या नावावरून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. म्हणजे अ‍ॅनाच्या पैशातून, बायकांच्या फौजेनं मोजलेल्या एका ताऱ्याला शंभरेक वर्षांनी एका भारतीय बाईचं नाव मिळालं.

हेस्टिंग्जमधली ती वेधशाळेची जागा आजही आहे. आता तिथं गावाच्या इतिहास मंडळाचं कार्यालय आहे.

आणि हेन्री? तो चंद्रावर आहे.

चंद्रावरच्या कोपर्निकस या मोठ्या विवराच्या उत्तरेला, काळ्या सपाट भागात, साधारण आठ किलोमीटर व्यासाचं एक छोटं विवर आहे. त्याचं नाव ड्रेपर. पौर्णिमेला ते शोधायला जाऊ नका, सावल्या नसल्यामुळं हाती लागणार नाही. अष्टमी उलटून दोनेक दिवस गेले, की त्या भागात नुकतं ऊन पोचलेलं असतं. तेव्हा एखाद्या मित्राच्या गच्चीवरची दुर्बीण कोपर्निकसवर लावा, मग जरा वर सरका आणि हवा शांत व्हायची वाट बघा.

मोबाईल दुर्बिणीच्या भिंगाला टेकवला की फोटोही निघेल. फक्त स्क्रीनवर चंद्रावर बोट ठेवून उजेड कमी करायचा. पहिला फोटो हलेल, दुसरा पुसट येईल. हरकत नाही, हेन्रीनं १५०० काढले होते.